न झिजलेला दगड

डिंगोरे गावच्या शाळेमागच्या चिंचेच्या ढोलीत घुबडांचं जोडपं राहायला आलं आणि शाळा सुटली की पोरांची दगडफेक सुरू झाली. आरती शाळांच्या भिंतींवर चित्रं रंगवायची. जनावरांवर तिचा भारी जीव. लंगडी कुत्री, पंख मोडलेली कबुतरं तिच्या घरी कायम मुक्कामाला. तिनं पोरांना समजावलं, दटावलं. पोरं कसली ऐकतात! शेवटी तिनं लहानपणी ऐकलेलं एक हत्यार बाहेर काढलं.

"घुबडाला दगड मारला ना, की ते तो झेलतं आणि नदीवर नेऊन रोज उगाळतं. दगड जसा झिजेल, तसा मारणारा झिजतो!"

दगड बंद झाले. आरतीनं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पण घरात भलतंच सुरू झालं. तिची पुतणी शिवन्या, दुसरीतली बडबडी पोर, एकाएकी गप्प झाली. ताटातली भाकरी ताटातच राहू लागली. डॉक्टरांना काही सापडेना, आणि पोर तर डोळ्यांदेखत वाळत चाललेली. सगळं घर हवालदिल झालं.

आरतीच्या सासूबाईंच्या, ठमाबाईंच्या, मात्र एक गोष्ट लक्षात आली. पोरगी सारखी हातातली बांगडी वर सरकवून बघत होती. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, तसा तिला हुंदका फुटला.

"आजी, ही बांगडी आधी मनगटावर बसायची. आता कोपराजवळ जाती. मी झिजाया लागले. काकीनं सांगायच्या आधी मी घुबडाला दगड मारला व्हता."

दारात उभी असलेली आरती पुढे आली. "आत्याबाई, मी तर त्या मुक्या जीवासाठी सांगितलं हो!"

"आन् ह्या बोलक्या जीवाचं काय?" ठमाबाई म्हणाल्या. "मलाबी माझ्या आयनं हेच सांगितलं व्हतं. जन्मात दगड मारला न्हाई मी, पर घुबडाकडं कधी धड बघितलंबी न्हाई. भ्यालेल्याला माया कुठनं लागायची? आन् उद्या भीती मोडली, की हीच पोरं पुन्हा दगड उचलत्याल!"

आरतीनं शिवन्याला जवळ ओढलं. "खोटं होतं गं ते. चुकलं माझं."

"मला बरं वाटावं म्हून म्हणतीस तू."

आता काय करावं? आरतीनं विचारलं, "दगड कसला होता तो?"

"निळ्या फरशीचा तुकडा."

दिवेलागणीला तिघी चिंचेखाली गेल्या. ठमाबाई काठीनं पाचोळा सारत होत्या, आरती वाकून चाचपत होती. एकदम शिवन्या ओरडली, "काकी, ह्यो बघ! हितंच हाय!"

निळा तुकडा! कोपरे तसेच टोकदार, कुठं म्हणून झिजलेला नाही. तेवढ्यात घुबड आवाज न करता आलं, चोचीत उंदीर घेऊन ढोलीत शिरलं आणि आतून पिल्लांचा गलका उठला.

"दगड उगाळायला त्याला सवड कुठाय? पोरं उपाशी हायती त्याची," ठमाबाई म्हणाल्या. या वयात त्याही पहिल्यांदाच डोळे भरून घुबड बघत होत्या.

घरी येताच शिवन्यानं भाकरी मागितली, वर आणखी अर्धी. घरादाराचा जीव भांड्यात पडला.

आरतीनं मग कागद घेतला. भिंत काही घरी नेता येत नाही, पुस्तक उशाशी घेऊन झोपता येतं. ढोली, पिल्लं, उंदीर, आणि शेवटच्या पानावर पाचोळ्यात पडलेला निळा तुकडा. नारायणगावात छापलेलं ते चित्रांचं पुस्तक शाळेत वाचलं गेलं, आणि पोरं आता संध्याकाळी चिंचेखाली श्वास रोखून बसतात, रिकाम्या हातांनी. आता पुढचं, घोरपडीचं पुस्तक कधी, म्हणून आरतीच्या मागे त्यांचा लकडा सुरू आहे.

वाचकहो, मुलांना भीती घालणं सोपं असतं, म्हणूनच आपण ती घालतो. पण भीतीनं फार तर हात थांबतो. मायेसाठी खरं काय ते दाखवावं लागतं!

शिवन्याची ती बांगडी आता मनगटावरून निघता निघत नाही. ठमाबाई साबण लावून ओढतात आणि हसतात.