मालूचं ताट

सगुणाने डब्याचं झाकण उघडलं आणि शेजारपाजारला ऐकू जाईल अशा आवाजात धाकट्या भावाला म्हणाली, "घे गुणाजी, बहिणीच्या हातचं जेव. खाडीतल्या निवट्यांचं कालवण हाय."

बहिणीला वाईट वाटू नये म्हणून गुणाजीने दोन घास गिळले. तेवढ्यावर तिला चेव आला. "बघ मालू. तुझ्या हाताला चवच उरली नाय. नवरा वाळत चाललाय नि तुला बाजार सुटत नाय."

थोरली नणंद. मालूला उलट बोलायची सोय नव्हती. सगुणा ओटा उतरली आणि गुणाजीने मोरीत जाऊन ते दोन्ही घास ओकून टाकले. ते बघायला मात्र कुणी थांबलं नव्हतं.

दोन वर्षं चेंदणी कोळीवाड्यात हेच चाललेलं. गुणाजीची मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायला न्यायचं, ते सगळं मालूने टेंभी नाक्यापर्यंत मासळी विकत निभावलं. पण ताट पुढ्यात आलं की तो तोंड फिरवायचा आणि खापर हिच्यावर फुटायचं. त्यात सासूने घालून दिलेली ती मेली रीत, नवरा जेवल्याशिवाय बाईने ताटाला हात लावायचा नाही. तो उपाशी झोपला की हीही पाणी पिऊन पडायची. दोघंही वाळली, पण कोळीवाड्याला दिसला तो एकटा.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात ती डॉक्टर सुहासिनीबाईंवरच उखडली. "भूक लागायचं औषध द्या. नायतर माझ्या जेवनात काय खोट हाय ते तरी सांगा."

बाईंनी तिला बाकावर बसवलं. "अंगातली चरबी नुसती पडून नसते, मालूताई. ती रक्तात लेप्टिन नावाचं द्रव्य सोडते. पोट भरलं, असा मेंदूला निरोप. एरवी मूत्रपिंड ते काढून टाकतं. तुमच्या नवऱ्याच्या अंगात ते साठतं, मशीनलाही नीट गाळता येत नाही. भूक मरायला आणखीही कारणं असतील, पण तुमचं जेवण हे कारण नाही."

"मग दोन वरसं कुणी बोललं का नाय?"

"लेप्टिन सापडलंच चौऱ्याण्णव साली, चार वर्षांपूर्वी. आम्हीही आत्ता शिकतोय."

म्हणजे रागवायलाही माणूस उरला नाही. मालू घरापर्यंत धुमसत आली.

संध्याकाळी सगुणा पुन्हा डबा घेऊन दारात. मालूने भाकरी थापली, ताट वाढलं, ते स्वतःपुढे ओढलं आणि पहिला घास तोंडात घातला.

"अगं, नवऱ्याच्या आधी?"

"आक्का, त्यांच्या रक्तात पोट भरल्याचा निरोप साठलाय. डॉक्टरीण बोलली. माझ्या नाय साठलेला. मना भूक लागलीय. दोन वरसं लागलीय."

सगुणा तोंड उघडणार, तेवढ्यात गुणाजी भिंतीला धरून उठला. त्याने बहिणीच्या हातातला डबा घेतला आणि सगळं कालवण मालूच्या ताटात वाढलं.

"हळू जेव," तो म्हणाला, आणि तिचं होईपर्यंत समोर बसून राहिला.