एक इंच सोडून

मी एक टेप आहे. गाण्यांचा नव्हे, तो केव्हाच गेला. मी सुतारकामाचा, सोळा फुटी, पिवळा. बाकीच्या टेपांचं आयुष्य शून्यापासून सुरू होतं. माझं एकपासून सुरू होतं, त्याची ही हकिकत.

जन्मलो तेव्हा मी धडधाकट होतो. सुतारमामांनी मला दुकानात दहादा ओढून पाहिलं, सर्रकन आत जातो म्हणून पसंत केलं. पुढे एकदा माझं टोक दाराच्या फटीत असताना आतून कुणीतरी दार लोटलं. टोकाचा हूक तुटला, पहिला इंच चुरगळला. मामांनी पत्र्याच्या कात्रीनं तो इंच सरळ उडवला आणि म्हणाले, "चालतंय की. एक सोडून धरायचं."

माणसांची ही रीत मला भारी वाटते. मोडलेलं बदलायचं नाही, मनातल्या मनात वजाबाकी करत राहायचं. मी पाच फूट एक इंच दाखवायचो, मामा मोठ्यानं 'पाच फूट' म्हणायचे. तीन वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

मग आम्हाला मास्तरांच्या घरी काम मिळालं. मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्तीनंतर शिकायला कुणी उरलं नाही, म्हणून ते भेटेल त्याला शिकवत. त्यांच्या पत्नी जिन्यावरून पडल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात होत्या. मामा त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. झोपायची खोली वर, आणि डॉक्टरांनी जिना बंद केलेला. शनिवारी घरी सोडणार होते. तोवर मागच्या व्हरांड्याची खोली करून लाकडी जमीन घातली, तर वहिनी आपल्या घरी येणार. नाहीतर त्यांना परगावी लेकीकडे न्यायचं. वहिनींनी निरोप धाडला होता, मला माझ्याच घरी यायचंय.

मंगळवारी मोजमाप झालं. मास्तर वही घेऊन उभे होते. त्यांनी मला निरखून विचारलं, "याचा पहिला इंच कुठाय?"

"गेला. एक सोडून धरतो आपण," मामा म्हणाले. मग मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलं आणि सांगितलं, "लांबी अकरा फूट."

मास्तर मनाशी हसले आणि वहीत लिहिलं, दहा फूट अकरा इंच. दुसऱ्यांच्या चुका सुधारण्यात जन्म गेलेला माणूस, तो विचारतो कशाला? मी जमिनीवर पडून सगळं पाहत होतो, पण आम्हाला आकडे दिलेत, तोंड दिलेलं नाही. रुंदीतूनही त्यांनी एक इंच काढला, पण फळ्या मोजताना तो खपून गेला.

हिशेब मात्र देखणा होता. सहा इंची अठरा फळ्या. वर नासाडीला दहा टक्के, म्हणजे एक पूर्णांक आठ दशांश, म्हणजे दोन. एकूण वीस.

"मास्तर, बारा फुटीच आणा. लाकूड लांब आणावं, जागेवर कापावं," मामा म्हणाले.

"आणि ते फूट फूट तुकडे काय डोक्यावर ठेवू? वखारीतूनच मापात कापून आणतो."

वखारवाल्यानंही लांबच न्या असं सुचवलं होतं. त्याला आपण कसं गप्प केलं, हे मास्तरांनी आल्यावर रंगवून सांगितलं.

शुक्रवारी पहिली फळी घातली. इंचभर आखूड. उलटी करून घातली, तरी तेवढीच. मग एकेक करून अठराही पाहिल्या, आणि नासाडीच्या म्हणून आणलेल्या दोन पाहिल्या. त्याही मेल्या तेवढ्याच.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "टेपच भिकार आहे," मास्तर म्हणाले.

"त्याला कशाला बोल लावता? मी अकरा सांगितलं होतं. इंच वजा करून."

"वजा करून?" मास्तरांचा चेहरा पडला. "मीही केला."

वखारीत तसं लाकूड सोमवारशिवाय येणार नव्हतं. मामा खोलीच्या मधोमध बसून बराच वेळ मान खाजवत राहिले. मग म्हणाले, "इकडे अर्धा, तिकडे अर्धा. जास्तीच्या दोन फळ्या चिरून कडेनं पट्टी मारू. नाहीतरी लाकडाला फुगायला तेवढी जागा लागतेच."

"म्हणजे माझं माप बरोबरच होतं," मास्तर म्हणाले. मामा पाणी प्यायला निघून गेले.

शनिवारी वहिनी वॉकर टेकत आल्या. नव्या जमिनीवरून हळूहळू चालल्या, पलंगावर बसल्या आणि कडेची पट्टी पाहून चौकशी केली. मामांनी सरळपणानं सगळं सांगितलं. वहिनी पोटभर हसल्या. मास्तरही हसले.

मग त्या मास्तरांना म्हणाल्या, "तोल जातोय, जिना झेपत नाही, असं मी चार महिने सांगत होते. तुम्ही त्यातूनही थोडं वजा करूनच ऐकलंत ना?"

मास्तरांनी वॉकर उचलून त्यांच्या हाताशी आणून ठेवला. मला त्यांचा राग होता, तोही त्या वेळी निवला. त्या दिवशी त्यांनी कुणाचीही चूक काढली नाही.

मामांनी आता नवा टेप घेतलाय. मला या खोलीच्या खिडकीत विसरून गेले, की ठेवून गेले, कोण जाणे. गंज चढतोय, पट्टी आत जाताना अडखळते. मला फेकलंत तरी माझं काही म्हणणं नाही. एवढंच सांगतो, कुणी आपलं माप सांगितलं तर आधी ते आहे तेवढं लिहून घ्या. शंका असेल तर विचारा, विचारायला तोंड तुम्हालाच दिलंय.

परवा सकाळी वहिनी म्हणाल्या, "आज थोडं दुखतंय."

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "थोडं म्हणजे किती?"

इतक्या वर्षांत हे वहिनींना कुणी विचारलंच नव्हतं.

"बरंच," त्या म्हणाल्या.