उकंड्यावरचं बाळ

१९२४ च्या माघात अमडापुरात एकही उकंडा उरला नव्हता. उकंडा म्हणजे घरचा केर, राख, शेण टाकायचा ढीग. शेतकऱ्याला तो खत, सरकारला घाण. तपासणीला साहेब येणार म्हणून नारायणराव पाटलांनी गावातले सगळे ढीग गाड्यांत भरून शेतात पाठवले होते.

अडचण झाली रुखमाबाईची. तिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथा बारा दिवसांचा होता. अशा मुलाला बाराव्या दिवशी उकंड्यावर टाकायचं, दुसऱ्या बाईनं उचलायचं आणि आईनं क्षुल्लक मोल देऊन विकत घ्यायचं. टाकाऊ समजून मरण मग त्याच्याकडे बघत नाही, असा रिवाज. गावातले सगळे उकंडराव असेच वाचलेले.

"साहेब गेल्यावर कर ना, माय," पाटील म्हणाले.

"बारावा आजच हाय. अन् एवढ्या थंडीत लेकराले शेतात नेऊ काय?"

शेजारची ताहेरा चुलीतली राख घेऊन आली. मग कोणी शेण आणलं, कोणी गोठ्यातला केर. रुखमाबाईच्या दारात गुडघ्याएवढा उकंडा तयार झाला. त्यावर फडकं अंथरून बाळ ठेवलं. ताहेरानं ते उचललं.

"बोल, काय देशीन?"

"मूठभर कोंडा."

"अवं, दोन मुठी तरी दे! वाकून कंबर गेली माही."

बायका हसत होत्या तेवढ्यात नायब तहसीलदार आले. तरुण, नागपूरचे, स्वभावानं भले. ढिगाआधी त्यांना बाळच दिसलं.

"वा! किती गोंडस! अगदी राजबिंडं मूल आहे."

हसणं थांबलं. रुखमाबाई पुढे धावली. "साहेब, हे काय बोलले तुम्ही!"

पाटलांनी साहेबांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा बाळाजवळ आले.

"माझी चूक झाली. मूल टाकाऊ आहे."

"कोनाच्या कामाचं नाही ना?" रुखमाबाईनं विचारलं.

"मुळीच नाही."

"अन् नाक?" ताहेरानं बाळ पुढे केलं.

"नाक तर फारच वाईट."

रुखमाबाईनं दोन मुठी कोंडा ताहेराच्या ओच्यात टाकला, बाळ पदराखाली घेतलं आणि घरात गेली. पाटलांनी घाईनं फावडं मागवलं.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "उद्या उचला."