मागच्या पायाचे बोट

"अहो, अजून थांबत नाहीये," मित्सुए नवऱ्याला म्हणाली. तिच्या ओंजळीतले तीन दिवसांचे पिल्लू कुंईकुंई करायचेही विसरले होते, आणि खालचा टॉवेल लाल होत चालला होता.

तोकुजी असारीने कापसाचा नवा बोळा दाबून धरला. उत्तर जपानमधल्या ओदाते गावाच्या डोंगराकडच्या वस्त्यांवर त्याने चाळीस वर्षे टपाल वाटले, आणि तेवढीच वर्षे अकिता जातीची कुत्री वाढवली. तिसऱ्या दिवशी पिल्लांच्या मागच्या पायांची जादा बोटे कात्रीने उडवायची, चिमूटभर राख लावायची, की झाले. बापाने शिकवलेले काम, त्याला डॉक्टर कशाला लागतो? पण सकाळी सातला केलेली जखम नऊ वाजले तरी वाहत होती.

"मागच्या खेपेला असंच झालं होतं."

"ती दोन पिल्लं थंडीने गेली."

"बरं, थंडीने," मित्सुए म्हणाली आणि गाडीची किल्ली घेऊन आली.

जनावरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईने स्वतःच्या थोराड कुत्र्याचे रक्त काढून पिल्लाला चढवले. "तपासायला पाठवते, पण मला फारशी शंका नाही, आजोबा. याचं रक्त गोठतच नाही. हे आईकडून येतं. आईला काही होत नाही, मरतात ते मुलगे. लेकी दिसायला धडधाकट, पण त्यातल्या निम्म्या तेच पुढं नेतात. याच्या आईची आधीची एखादी लेक आहे कुठं?"

"आहे एक."

सायो. ती त्याने आपल्या जुन्या मित्राला, हाताकेयामाला दिली होती, आणि आज दुपारी तो तिला नराकडे नेणार होता. गप्प बसले तर कोणाला कळणार होते? बोलले तर चाळीस वर्षांच्या नावावर पाणी.

"सांगणार ना?" गाडीत मित्सुएने विचारले.

"बघू."

"बघू काय? तुम्ही कापता, धरते मी. तीन पिल्लं धरली. चौथं नाही धरणार."

हाताकेयामा दारातच होता. सायो दिल्यापासून तो थट्टेने तोकुजीला व्याहीच म्हणायचा. "या व्याही, अगदी मुहूर्त गाठलात. नवरी केव्हाची गाडीत जाऊन बसलीय."

तोकुजी पायरीवर बसला. यंदा बर्फ लवकर पडेल म्हणाला. चहा आला, तो तसाच निवला. मग मान खाली घालून त्याने सगळे सांगितले.

हाताकेयामाने निवलेला कप उचलून बाजूला ठेवला. "मागची दोन थंडीने गेली म्हणालास तू."

"रक्तच गेलं होतं. कात्री बोथट असेल म्हटलं, हात चुकला असेल म्हटलं. माझ्या कुत्रीत खोट आहे, हे तोंडातून निघेना."

"त्या नरासाठी दोन वर्षं थांबलो रे मी."

"ठाऊक आहे मला."

हाताकेयामाने आत जाऊन नराच्या मालकाला फोन केला. बाहेर येऊन गाडीचे मागचे दार उघडले, पण सायो उतरेना. फिरायला जायचे म्हणून ती सकाळपासून खूष होती. त्याने दोनदा हाक मारली, मग तोकुजीकडे न बघताच म्हणाला, "तूच उतरव."

तोकुजीने हात पुढे केला. सायो जवळ आली. त्याच्या बाहीवर वाळलेले रक्त तिने हुंगले आणि शांतपणे चाटू लागली. तोकुजीने हात तसाच धरून ठेवला.