सातवी फांदी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. तुम्ही अर्धं लिहिलंत आणि त्याखाली 'मंजूर' असा शिक्का मारलात. हे जास्त वाईट. खोटं निदान पकडता तरी येतं.

मित्रांनो, साहेबांशी माझं भांडण आहे, ते तुम्हाला कळेलच. आधी माझी ओळख. मी एक जुनं ब्रुग्मान्सियाचं झाड आहे. नाव घेताना जीभ अडखळली तर लाजू नका. ज्यांनी मला विकलं त्यांचीही अडखळायची, म्हणून त्यांनी मला 'घंटाफूल' करून टाकलं.

माझा जन्म बीमधून झाला नाही. रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली, काळ्या पिशव्यांमध्ये आम्ही चाळीस काड्या उभ्या होतो. मुळं फुटली तशी प्रत्येकीच्या गळ्यात वरच्या कचेरीतून छापून आलेलं कार्ड अडकलं. 'घंटाफूल. मोठी, सुवासिक फुले. भरपूर पाणी. सकाळचे ऊन.' वाचून मलाही वाटलं, आपण एवढंच आहोत.

मला घरी नेलं टाकेमावशीने. ती लहान मुलांचे कपडे शिवते, म्हणून गल्लीने तिला हे नाव दिलेलं. तिला प्रश्न फार. ह्याला खत कुठलं? फूल कधी येणार? दुपारी पानं मान का टाकतात? रोपवाटिकेचा मालक शेवटी हात जोडून म्हणाला, "मावशी, झाड नेताय की जावई बघताय?"

"जावयाला एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं," मावशी म्हणाली आणि मला काखोटीला मारून निघाली.

पहिलं वर्षभर मी नुसती वाढले. मावशी दर रविवारी टेप लावून माझी उंची घ्यायची आणि मापांच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या पोरांच्या खाली, माझं माप लिहायची. खादाड तर मी अशी, की काका म्हणायचे, "अगं, हिला पाणी घालून घालून माझ्या आंघोळीला उरत नाही." काका म्हणजे मावशीचे यजमान. आयुष्यभर बस चालवली, आता घरी बसून मावशीला चालवायला बघतात, ती चालत नाही.

मग एक दिवस माझं खोड बेचकीसारखं दुभंगलं आणि त्या बेचकीच्या वर कळी आली. मावशीने वहीत लिहिलं, 'फूल बेचकीच्या वरच येतं.' हे कार्डावर नव्हतं. ती माझ्याखाली जमिनीवर आडवी झाली आणि माझ्या लोंबत्या फुलात खालून डोकावली. लांबी नऊ इंच, खाली घेर, पाच टोकं. पहिल्या दिवशी पांढरं, तिसऱ्या दिवशी फिकट केशरी. "हा रंग रात्रभरात कोण बदलतं गं?" तिने मला विचारलं. मलाच कुठे माहीत होतं! त्या फुलाचा कागदी नमुना कापून तिने पाच कळ्यांचा, म्हणजे पाच तिरके तुकडे जोडलेला, घेरदार फ्रॉक शिवला. तो सगळ्या गल्लीने वाखाणला आणि मलाही.

पुढच्या वर्षी सगळ्यांना माझी फांदी हवी झाली. मावशीने कापडाची कात्री नव्हे, जुनी कात्री घेतली आणि बेचकीच्या वरून सात फांद्या कापल्या. सहा शेजाऱ्यांकडे गेल्या. सातवी हातात असताना फाटकाशी एक अनोळखी बाई थांबली. तिच्या कडेवरची चिमुरडी माझ्या फुलाकडे दोन्ही हात ताणत होती. मावशी विरघळली. "घेऊन जा गं. वर्षात फुलेल." बाई हसली आणि गेली. मावशीने कपाळावरचा, डोळ्यावरचा घाम हाताने पुसला आणि मशीनवर बसली.

तासाभराने सुईचं भोक दिसेना.

"अगं, तुझ्या एका डोळ्यातली बाहुली टपोरी झालीय!" काका म्हणाले. मावशी एकदाच म्हणाली, "अहो, डोळा गेला तर मी काय करू?" आणि चपला घालून दवाखान्यात निघाली.

दवाखान्यातलं मला तिनेच नंतर पाणी घालताना सांगितलं. डॉक्टरबाई घाबरल्या. मेंदूचा फोटो काढू म्हणाल्या. मावशी म्हणाली, "थांबा. शिवण चुकली की आम्ही शेवटच्या टाक्यापासून उसवतो. तसा आजचा दिवस उसवून बघू." आणि ती एकेक करून मागे गेली. सुई. मशीन. घाम. फांद्या.

"कसलं झाड?"

"घंटाफूल."

"असं झाड मी ऐकलं नाही."

काका घरी जाऊन माझं फूल वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. डॉक्टरबाई बघतच राहिल्या. "अहो, ही धोत्र्याच्या घरातली! आम्ही बाहुली मोठी करायला थेंब घालतो ना, त्याच जातीचं औषध हिच्या रसात असतं. डोळा पूर्ववत होईल दोन-चार दिवसांत."

"आणि लहान मुलाने तोंडात घातलं तर?"

"जिवावर बेतेल."

मावशीचा डोळा तिसऱ्या दिवशी ताळ्यावर आला. पण दवाखान्यातून आली त्याच दुपारी ती एका डोळ्याने पांढऱ्या फितीवर लाल दोऱ्याने शिवायला बसली होती. 'विषारी. तोंडात घालू नका. हात लावला तर साबणाने धुवा.' सात फिती. सहा त्याच संध्याकाळी शेजारच्या फांद्यांवर जाऊन बांधल्या.

काका म्हणाले, "उपटून टाक ही बया."

"तिने काय केलं? तिला तोंड नाही, म्हणून तर गळ्यात कार्ड घालतात."

मित्रांनो, माझ्याजवळ जरूर या, वास घ्या, फुलात खालून डोकवा. फक्त हात लावायच्या आधी विचारा, हे काय आहे म्हणून. विचारण्याने झाडाचा अपमान होत नाही.

मावशी रोपवाटिकेतही गेली. मालक म्हणाला, "असं लिहिलं तर कोण नेईल? आणि कार्ड वरून मंजूर होऊन येतं, माझ्या हातात काय?" मग तिने वर, कार्ड मंजूर करणाऱ्या साहेबांकडे, अर्ज केला. उत्तर आलं, 'आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आला आहे.' योग्य तो विभाग बहुधा झोपलेला असावा.

सातवी फांदी गेली त्याला आज अकरावा दिवस. मावशीने मशीन दारात आणून ठेवलंय. फाटकावर पाटी लावलीय, दुधवाल्याला, टपालवाल्याला, शाळेच्या बाईंना त्या फांदीवालीबद्दल विचारून झालंय. कडेवर पोर घेऊन कुणी बाई गेली की ती टाका अर्धा सोडून उठते, आणि परत येऊन बसते. सातवी फीत तिच्या खिशात आहे.

साहेब, तिने एक फांदी विषाचं न सांगता दिली, आणि ती रोज फाटकाशी उभी आहे. तुमच्या कार्डावर माझ्या किती बहिणी गेल्या? कुठल्या अंगणात आहेत, कुठल्या पोरांच्या हाताला लागतील एवढ्या उंचीवर आहेत? त्यांना शोधायला तुमच्याकडून कोण निघालंय? विभागाचं नाव नको. माणसाचं सांगा.