गाद्यांच्या गाडीचं वजन

इस्पितळाच्या चढावर गाडी उलटी घसरायला लागली तेव्हा किंचाळली ती थोरली. धाकटीला किंचाळायला सवडच नव्हती. मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरत होती, चिखलाचे फवारे ताडपत्रीवर उडत होते आणि गाडी मात्र निवांतपणे खाली निघाली होती. धाकटीनं ब्रेक सोडून सोडून दाबला, स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीची मागची बाजू कडेच्या मातीच्या बांधात घातली. धप्प! मागचा दिवा फुटला. दोघींना साधं खरचटलंही नाही.

"मी उतरते," थोरली म्हणाली आणि खरोखरच उतरली. पदर खोचून ती चालत सुटली ती थेट घरीच.

या दोघी जावा-जावा. घरामागच्या पत्र्याच्या लांब खोलीत त्यांचा फोमच्या गाद्यांचा धंदा. थोरली शिवणाच्या मशीनवर. तिची शिवण अशी की गादी फाटेल, पण टाका उसवणार नाही. धाकटी फोम कापायची, गिऱ्हाइकं सांभाळायची आणि पिकअप चालवायची. नवरे दोघेही नोकरीवाले. सुट्टीच्या दिवशी सल्ले द्यायला तेवढे हजर. इस्पितळात बाळंतिणींचा नवा विभाग उघडायचा होता आणि तिथल्या सगळ्या गाद्यांचं काम या दोघींना मिळालं होतं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. पण इस्पितळ टेकडीवर. बांधकामाची चिकणमाती रस्त्यावर वाहून आलेली, त्यात रोज पावसाची भुरभुर. सगळा चढ साबण लावल्यासारखा झाला होता.

त्या संध्याकाळी जेवताना थोरलीनं जाहीर करून टाकलं, "हे काम आपल्याला नको. मेट्रनबाईंना नाही म्हणून कळवू या."

"नाचता येईना, अंगण वाकडं," थोरलीचा नवरा हसत म्हणाला.

"अंगण वाकडंच आहे, भाऊजी," धाकटीनं भाताचा घास कालवता कालवता सांगितलं. "पण नाचणार मीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री बडबड्या माणूस. तो गाडीभोवती फिरला, मागच्या टायरवर तळहात फिरवला आणि म्हणाला, "या टायरपेक्षा माझं टक्कल खरखरीत आहे. नक्षी उरलीय कुठे? आणि हवा किती ठासलीय!"

"माल भरलेला असतो ना."

"माल? काय माल?"

"गाद्या. पार टपापर्यंत."

मिस्त्री पोट धरून हसला. "बडा घर, पोकळ वासा! अहो, फोम तो. गाडी भरलेली दिसते, पण वजनाला रिकामीच. जोर लावतात मागची चाकं आणि त्यांच्यावर बसलंय कोण? कुणीच नाही. वजन नाही तर चाक जमीन धरणार कसं?"

धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतके दिवस ती मालाची उंची बघत होती, वजन तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागे खोल नक्षीचे नवे टायर बसले. हवा दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर हलक्या मालासाठी लिहिली होती तेवढीच ठेवली. राहिलं वजन. त्यासाठी वाळू.

"दगड नाही चालणार?" तिनं विचारलं.

"दगड गडगडेल. वाळू बसते तिथे बसते. पण बांधा बरं का. जोरात ब्रेक मारलात तर पोती केबिन फोडून तुमच्या मांडीवर येतील."

पिशव्या शिवायला थोरलीकडेच जावं लागलं. ती फुरंगटलेलीच होती, पण शिवणकाम म्हटलं की तिचे हात ऐकत नसत. गाद्यांच्या जाड पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे तुकडे उरले होते. त्यांच्या तिनं दुहेरी टाक्याच्या पिशव्या शिवल्या, वर धरायला कानसुद्धा लावले.

"वाळूला एवढा थाट?" धाकटी म्हणाली.

"माझ्या हातचं आहे. फुटलं तर नाव माझं जाईल."

पत्र्याच्या खोलीमागच्या मोकळ्या उतारावर धाकटीनं पाणी सोडून चिखल केला आणि गाडी घातली. पिशव्या उचलायला सोप्या म्हणून तिनं अगदी मागे, फाळक्याला लावून ठेवल्या होत्या. चाकांनी जमीन धरली खरी, पण गाडीचं नाक हलकं झालं. स्टिअरिंग वळवावं एकीकडे तर गाडी जाई भलतीकडे. ती उतरली, जराशी विचार करत उभी राहिली, मग सगळ्या पिशव्या ओढून बरोबर मागच्या आसाच्या वर आणल्या आणि लाकडी चौकट ठोकून पट्ट्यांनी आवळल्या. या खेपेला दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका ठेवून, गाडी गोगलगायीसारखी वर गेली. धाकटी पुन्हा खाली आली, पुन्हा गेली. थोरली दारातून बघत होती. तिसऱ्या फेरीला ती न विचारता येऊन शेजारी बसली.

माल पोचवायचा दिवस उजाडला तो भुरभुर घेऊनच. चढ सुरू झाला. थोरलीनं खिडकीवरचा दांडा घट्ट धरला होता. मागच्या खेपेला गाडी घसरली होती ती जागा आली आणि गेली. धाकटी गुणगुणायला लागली.

आणि वळणावर तिला थांबावं लागलं. रस्त्याच्या मधोमध एक छोटी कार आडवी रुतली होती. आत इस्पितळाचे भूलतज्ज्ञ डॉक्टर, घामाघूम. ते जितकी रेस देत होते तितकं चाक खड्डा खणत होतं.

"वर अडलेली बाई ऑपरेशनच्या टेबलावर आहे!" ते काच खाली करून ओरडले. "मी चालत निघू का?"

"चालत गेलात तर धापा टाकत पोचाल, आणि रस्ता तसाच अडलेला राहील," धाकटी म्हणाली. "जरा थांबा. ताई, एक पिशवी लागेल. फाडू का?"

"फाडतेस कशाला!" थोरली केव्हाच खाली उतरली होती. बाजूचा फाळका पाडून तिनं एक पिशवी बाहेर ओढली, कमरेची कात्री काढून टाक्याचं टोक पकडलं आणि सर्रकन पिशवी उसवली. दोघींनी कारच्या पुढच्या चाकांखाली वाळू पसरली, खड्ड्यात कोंबली.

"रेस देऊ नका," धाकटीनं बजावलं. "तान्ह्या बाळाला उचलता तसा क्लच सोडा."

डॉक्टरांनी सोडला. चाकानं वाळू करकरत चावली, कार एकदा थरथरली आणि सरळ होऊन वर निघून गेली.

आता उरली त्यांची गाडी, ऐन चढावर थांबलेली. उभ्या गाडीला इथून उचलणं म्हणजे खरी परीक्षा. थोरलीनं उरलेली वाळू मागच्या चाकांपुढे ओतली, हात झटकले आणि दार लावून घेतलं.

"घे," ती म्हणाली.

धाकटीनं हॅन्डब्रेक हळूच सोडला. गाडी केसभर मागे सरकल्यासारखी वाटली; मग मागच्या चाकांनी जमीन पकडली आणि गाद्यांचा तो डोंगर डुलत डुलत वर चढला.

इस्पितळात मेट्रनबाईंनी दोन्ही मुठींनी गादी दाबून पाहिली, कडेची शिवण ओढून पाहिली. तेवढ्यात आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि मेट्रनबाईंचा चेहरा सैल झाला.

"डॉक्टर वेळेवर पोचले," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरच्या गाद्यासुद्धा बदलायच्यात. पण पाऊस आहे. रस्ता सुकेपर्यंत थांबायचं का?"

धाकटीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच थोरली बोलून मोकळी झाली होती.

"थांबायचं कशाला? मापं द्या. आमची गाडी येते वर."