गाळलेल्या चेहऱ्यांची फिल्म

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे, आणि तीसुद्धा कापून टाकलेल्या तुकड्यांची. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलाच्या रस्त्यावर एका फौजी कॅमेऱ्यात माझा जन्म झाला. आघाडीवर पेट्रोल नेणारे ट्रक आणि ते चालवणारे काळे अमेरिकन जवान माझ्या अंगावर उमटले.

पुढे युद्धावरचा माहितीपट निघाला. त्यात ट्रक घेतले आणि जवानांचे चेहरे कापले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, ट्रक आपले आपणच चालतात! कापणाऱ्या बाईंना मात्र मला फेकवेना. त्यांनी माझे तुकडे जोडून डब्यात ठेवले. त्या माउलीचे उपकार मी कसे विसरू?

वर्षानुवर्षं मी तिथंच पडून राहिले. अंगाला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला. कुणी विचारपूस केली नाही, याचं फार वाईट वाटायचं. मग एक दिवस कॉरिनने डबा उघडला. त्या जवानांवर ती नवा माहितीपट करत होती. तिने मला पुसलं, माझी नवी प्रत काढली आणि जॉर्जियातल्या एका गावी लुशियस टार्व्हर यांना शोधून काढलं. माझ्यातल्या ड्रायव्हरांपैकी तेवढेच उरले होते.

तिने या लुशियसबाबांना अटलांटाच्या स्टुडिओत बसवलं. दिवे लागले, सगळे चिडीचूप झाले. बाबा म्हणाले, "हो, ट्रक चालवला. चिखल होता." आणि थांबले. कॉरिनचे साहेब वैतागले. "या जवानांची नावं मिळाली नाहीत तर हे चेहरे काढून टाकू." पुन्हा कात्री!

परतताना गाडीत बाबा कॉरिनला म्हणाले, "आमच्या एल्बर्टचा चेहरा काढणार? अगं पोरी, तुमच्या खोलीत कुणी हूं की चूं करत नाही. माणसानं बोलायचं कुणाशी? रविवारी आमच्या चर्चमध्ये ये."

रविवारी प्रार्थना झाली. शेजारच्या खोलीतून तळलेल्या कोंबडीचा वास येत होता, पण कुणी उठलं नाही. कॉरिनने आवाज टिपायचं यंत्र लावलं आणि भिंतीवर माझी प्रत सुरू झाली. मी डब्यात, कॉरिनच्या मांडीवर होते.

"हा रॉस्को," बाबा म्हणाले. "एका हातानं ट्रक चालवायचा, दुसऱ्या हातानं खायचा."

"सांगा, बाबा, सांगा," मागून आवाज आला.

"आणि हा मी. तेव्हा केस होते."

"होते म्हणायचे का ते?" मोठी टोपी घातलेल्या एक बाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

मग एक उंच तरुण दिसला. बाबा अडखळले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा ते गप्प होणार. पण कुणीतरी हळूच म्हणालं, "सावकाश, बाबा. आम्ही इथंच आहोत."

"हा एल्बर्ट मॉस," बाबा म्हणाले. "हे टिपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरुंगावर गाडी गेली त्याची. मी मागेच होतो."

पहिल्या बाकावर एल्बर्टची धाकटी बहीण अर्लीन बसली होती. "इतका उंच होता?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच लहान होते, म्हणून मोठा दिसायचा."

"उंचच होता गं. ट्रकमध्ये बसला की टोपी छताला टेकायची त्याची."

"पुन्हा दाखव, पोरी," अर्लीन कॉरिनला म्हणाली. कॉरिनने पुन्हा दाखवलं, आणि सगळ्या चर्चने एल्बर्टचं नाव घेतलं.

स्टुडिओत परत आल्यावर आवाज जुळवणाऱ्याने विचारलं, "मधले लोकांचे आवाज काढू ना?"

"एकही काढायचा नाही," कॉरिन म्हणाली. साहेबांनी सगळं ऐकलं आणि कात्रीचं नाव काढलं नाही.

माहितीपट टीव्हीवर आला तेव्हा बाबा या जगात नव्हते. पण चेहऱ्यांखाली नावं होती आणि नावं सांगणारा आवाज त्यांचा होता. आता मी थंड, कोरड्या खोलीत सुखात आहे. मित्रांनो, मी सर्वांची ऋणी आहे. एवढंच मागते, तुमच्या घरातल्या जुन्या फोटोत कडेला कोण उभं आहे, ते आजच विचारा. सांगणारं माणूस मध्येच अडखळलं तर उठून जाऊ नका. हुंकार देत बसा.